इव्हानचा फोटो लहान करताना

कोरीनचं लग्न ठरलं त्या दिवसापासून डेल हाउगेन एका प्रश्नाची वाट बघत होता. तो कधी विचारला जाईल, याचीही त्याने मनात जुळवाजुळव करून ठेवली होती. बहुधा रविवारी, जेवणानंतर भांडी पुसताना. ती म्हणेल, 'डेल, चर्चमध्ये वडील मुलीला घेऊन चालतात तसा माझ्याबरोबर तू चालशील ना?' आपण ताटली पुसत म्हणायचं, 'बघू. त्या दिवशी मासे धरायला जायचं नसलं तर.' मग ती हसेल आणि पाठीत एक धपाटा घालेल.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ती आली. बूट दारातच काढून सरळ त्याच्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, "डेल, एक काम आहे. तूच करू शकशील असं."

डेलने पेपर बाजूला ठेवला. चष्माही काढला.

तिने खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. "यात बाबांचा फोटो आहे. फाइल भलतीच मोठी आहे. ती लहान करून दे ना."

बाबा म्हणजे इव्हान रादिच. खनिज वाहणाऱ्या बोटींवर खलाशी होता. कोरीन चार वर्षांची असताना एका मार्चमध्ये तो गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर मासे धरायला गेला आणि पायाखालचा बर्फ फुटून बुडाला. त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि लोरेटाच्या आयुष्यात डेल आला. पहिल्या दिवशी लोरेटा मुलीला म्हणाली होती, "हा डेल." तेच नाव कायम राहिलं. कोरीनला सायकल त्याने शिकवली, गाडी त्याने शिकवली. हॉकीच्या सरावाला पहाटे अंधारात तोच घेऊन जायचा आणि थंडगार बाकावर थर्मास घेऊन बसायचा. तिने 'बाबा' न म्हटल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. निदान तो तसं म्हणत असे.

"कुठून आला हा फोटो?" त्याने विचारलं.

"निककाकांना आजीच्या माळ्यावर निगेटिव्ह सापडलं. बोटीवरच्या आचाऱ्याने काढलेला आहे म्हणे, चांगल्या कॅमेऱ्याने. काकांनी दुकानात जाऊन सांगितलं, जितका मोठा होईल तितका स्कॅन करा. त्यांनी केला! थंडर बेला राहणाऱ्या आत्यांना पाठवायला गेले तर मेल परत. फोनवर उघडला तर फोनच आडवा झाला. प्रिंटवाल्यांची साइट म्हणते, एवढी फाइल घेणार नाही."

"तुला नक्की करायचंय काय?"

"आत्यांना आणि बाकीच्यांना फोनवर बघायला एक. आणि एक मोठा छापायचाय. तीन फूट उंच. हॉलच्या दारात लावणार. आत येणाऱ्या माणसाला आधी बाबाच दिसले पाहिजेत."

डेलने पेन ड्राइव्ह बोटांत फिरवला. "मग त्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. फोनवर बघायला थोडे ठिपके पुरतात. कागदावर तीन फूट ताणायचा तर भरपूर लागतात. दोन कॉपी करू. मूळ फाइलला हात लावायचा नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," कोरीन म्हणाली. तिने त्याच्या टकलावर ओठ टेकवले आणि केक बघायला निघून गेली.

डेलने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. काउंटीच्या जमीन मोजणी कचेरीत त्याने जन्मभर नकाशे केले होते. भिंतीएवढे नकाशे आटोपशीर फाइलींत बसवणं त्याच्या हातचा मळ होता. काम अवघड नव्हतं. ज्या प्रश्नाची तो वाट बघत होता, तो मात्र आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी लोरेटा चर्चला गेल्यावर त्याने फोटो उघडला. तो उघडायलाही संगणकाला वेळ लागला. आधी आभाळ आलं, मग बोटीचा कठडा, मग माणूस.

इव्हानचे फोटो घरात होते. पण सगळे लहान, पिवळट, अल्बममध्ये चिकटवलेले. हा तसा नव्हता. निळा जाड कोट घातलेला, वाऱ्याने केस उडालेले, कॅमेऱ्याबाहेरच्या कुणाकडे तरी बघून हसणारा उंचापुरा तरुण. तीसही नसेल. डेलला यंदा चौसष्टावं लागलं होतं. त्याला आधी हेच टोचलं, की हा गडी म्हाताराच होणार नाही. याचे गुडघे दुखणार नाहीत, हा सोफ्यावर घोरणार नाही, गाडीच्या किल्ल्या कुठे ठेवल्या म्हणून बायकोची बोलणी खाणार नाही. हा नुसता हसत उभा राहणार.

त्याने फोटो जवळ आणला. आणखी जवळ. स्कॅन खरंच उत्तम होता. पापण्या मोजता आल्या असत्या. हनुवटीवर दाढी करताना झालेली जखम दिसत होती. कोरीनची हनुवटी. ती हसताना एक भुवई जराशी वर जाते, तीही इथलीच निघाली. इतकी वर्षं डेल समजत होता, की ही लकब तिने आपल्याला बघून उचलली.

मग तो खाली सरकला आणि कोटाच्या दुसऱ्या बटणापाशी थांबला.

बटण काळं होतं आणि लाल दोऱ्याने शिवलेलं होतं.

लोरेटाची आणि त्याची ओळख झाली त्या पहिल्या थंडीत त्याच्या करड्या कोटाचं बटण तुटलं होतं. तिने ते लाल दोऱ्याने शिवून दिलं. तो म्हणाला, "अगं, हे लांबून दिसतंय." तर ती म्हणाली, "दिसू दे की. कुणीतरी शिवून देणारं आहे हे कळू दे लोकांना." त्या वाक्यावर डेलने लग्न केलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. तो कोट विटला, बाहीला छिद्रं पडली, तरी त्याने टाकला नव्हता. कचेरीत कुणी त्या बटणावरून चिडवलं की तो मनातून सुखावायचा.

आणि इथे, त्याच्या कितीतरी आधी, या हसऱ्या गड्याच्या छातीवर तोच दोरा होता.

त्याने आत्यांसाठीची कॉपी करायला घेतली. फोनवर नीट दिसेल इतकी लहान केली. चेहरा छान होता. तिथेच थांबायला हवं होतं. पण बटण अजून दिसत होतं, लाल ठिपक्यासारखं. त्याने आणखी लहान केली. मग दर्जाचा आकडाही खाली आणला. इव्हानचे दात एकमेकांत मिसळले. पापण्या गेल्या. हनुवटीवरची जखम गेली. बटण आणि कोट एकाच मळक्या निळ्या रंगाचे झाले. मूळ फाइल सातशे एमबीच्या वर होती, ही शंभर केबीचीही उरली नाही. टपालाच्या तिकिटाएवढी बघितली तर माणूस ओळखू येत होता, बस.

डेलला गार वाटलं. भर उन्हातून आत आल्यावर वाटतं तसं.

ती कॉपी त्याने आत्यांना पाठवली. मग प्रिंटवाल्यांची साइट उघडली, तीन फूट उंची निवडली आणि हीच फाइल तिथे चढवली. साइटने पिवळ्या अक्षरांत ताकीद दिली. त्याने 'पुढे जा' दाबलं. आपण हे मुद्दाम करतोय, असं त्याने स्वतःशी कबूल केलं नाही. उरकलं एकदाचं, एवढंच त्याच्या मनात आलं. लोरेटा परत आली तेव्हा तो गवत कापत होता.

प्रिंटच्या दुकानातल्या पॅमचा फोन आला. कचेरीचे नकाशे तिच्याकडेच छापले जात, त्यामुळे ती त्याला चांगली ओळखत होती.

"डेल, अरे हे काय पाठवलंयस? फाइलच्या नावात घोळ झाला असेल म्हणून विचारते. एखादी रेघ पुसट आली तरी तू मला दुकानात उभं राहून झापायचास. आणि आता ही पोस्टाच्या तिकिटाएवढी फाइल तीन फुटांवर छापू?"

"जुना फोटो आहे," डेल म्हणाला.

"जुना असला तरी मोठा स्कॅन असेलच ना कुठे?"

अंगणात लोरेटा चादरी वाळत घालत होती. डेल तिच्याकडे बघत म्हणाला, "नाही. एवढाच आहे."

"विस्कटेल रे पार."

"विस्कटू दे. छाप तू."

"तू म्हणतोस म्हणून छापते," पॅम म्हणाली. तिच्या आवाजात कुरकुर होती.

कोरीन आणि लोरेटा प्रिंट घेऊन आल्या आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर तो उलगडला. चार कोपऱ्यांवर मिठाची बाटली, साखरेचं भांडं, लोरेटाचा चष्मा आणि एक संत्रं ठेवलं. मग तिघंही वाकून बघू लागली.

चेहऱ्याच्या जागी मातकट रंगाचे चौकोन होते. डोळे म्हणजे दोन काळपट डाग. हसू कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. पावसात भिजलेल्या काचेपलीकडे कुणी उभं असावं तसा इव्हान रादिच टेबलावर पडला होता.

"लांबून बरा दिसेल," कोरीन शेवटी म्हणाली. ती चार पावलं मागे गेली. मग आणखी मागे, फ्रीजला पाठ टेकेपर्यंत. "मागच्या भिंतीला लावू. दारात नको."

"जुनं निगेटिव्ह होतं," डेल म्हणाला.

"तू तरी काय करणार? तू केलंस तितकं पुष्कळ." तिने त्याच्या दंडावर थोपटलं. "मला वाटलं होतं, डोळे तरी दिसतील." एवढं बोलून तिने प्रिंट गुंडाळला, रबर लावलं आणि ती गेली.

तिने आदळआपट केली असती तर डेलला झेपलं असतं. ते थोपटणं त्याला झेपलं नाही.

लोरेटा साखरेचं भांडं जागेवर ठेवत म्हणाली, "निकने मला त्याच्या संगणकावर दाखवला होता हा फोटो."

डेलने संत्रं उचलून टोपलीत ठेवलं.

"इव्हानच्या हनुवटीवरची जखम दिसत होती त्यात. ती कशी झाली तेही मला आठवलं. आणि तू म्हणतोस, निगेटिव्ह जुनं होतं?"

"लोरेटा..."

"काय केलंस तू, डेल?"

तो खुर्चीवर बसला. त्याला मोठं काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "त्याच्या कोटाचं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं आहे."

"मग?"

"मग काय? तू माझं बटण शिवलंस तेव्हा मला वाटलं... मला वाटलं ते फक्त माझ्यासाठी होतं."

लोरेटा त्याच्याकडे बघत राहिली. तिला आधी हसू आलं आणि मग राग आला, दोन्ही एकदमच चेहऱ्यावर उमटले. "अरे माणसा! माझी आई शाळेच्या बँडचे गणवेश शिवायची. लाल. तिच्या मागे खोकाभर लाल रिळं उरली. मी कधी दुसरा दोरा विकत आणलाच नाही! निकची बटणं लाल आहेत. चर्चमधल्या फादर ग्रेगरच्या कोटाचंही एक लाल आहे. जाऊन बघ! त्यांच्यावरही जळणार आहेस?"

"तू म्हणाली होतीस, लोकांना कळू दे..."

"ते तुलाच म्हटलं होतं. ते वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटलेलं नाही." ती त्याच्यासमोर बसली. "बटण राहू दे. खरं काय ते बोल. तेवीस वर्षं झाली आपल्याला, तू इव्हानचं नाव निघालं की उठून काहीतरी दुरुस्त करायला जातोस. मला काय दिसत नाही?"

डेल म्हणाला, "तिने मला विचारलं नाही. चर्चमध्ये बरोबर चालायचं."

"ती एकटीच चालणार आहे. मलाही नाही म्हणाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुठे? तू नुसता वाट बघत बसलास." लोरेटा उठली. "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायला हवं तिला जाऊन सांग. आणि जेवणाआधी सांग. मला आज तुझ्यासमोर बसून जेवायचं नाही."

कोरीन जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. डेल गेला तेव्हा ती मागच्या दारी एका म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवत होती. सरोवरावरून धुकं वर येत होतं, बंदरातला भोंगा वाजत होता. डेलने आडवळण घेतलं नाही. मूळ फाइल चांगली होती, आपण ती मुद्दाम बिघडवून पाठवली, पॅमने विचारलं तेव्हा खोटंही बोललो, असं त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं.

कोरीनला समजायला वेळ लागला. "मुद्दाम?"

"हो."

"का?"

"त्याच्यावर जळून."

"ते मेलेत, डेल!"

"माहीत आहे मला."

"नाही माहीत!" तिचा आवाज चढला. कुत्रं खाली बसलं. "तुला वाटतं, माझ्याकडे तुझ्या वाट्याचं काहीतरी बाबांना द्यायला साठलेलं आहे. काही नाही माझ्याकडे! मला त्यांचा आवाज आठवत नाही. वास आठवत नाही. आई सांगते ते ऐकून मी आठवल्यासारखं करते. आत्या फोनवर रडतात तेव्हा मला नक्की कशासाठी रडायचं ते कळत नाही. म्हणून मला मोठा फोटो हवा होता. एकदा समोर उभं राहून बघायचं होतं, हा माणूस होता कसा." तिने बाहीने नाक पुसलं. "तुझा फोटो मी कशाला छापू? तू काय मला आठवावा लागतोस? तू रोज मेसेज करतोस, गाडीतलं तेल बघितलंस का म्हणून!"

"बघितलंस का?" डेलच्या तोंडून गेलं.

"आत्ता नको," कोरीन म्हणाली. "आत्ता मी खरंच चिडले आहे. मला हसवू नकोस."

"हसवत नव्हतो."

"आणि मी एकटी चालणार आहे. तुला बरं वाटावं म्हणून ते बदलणार नाही."

"बदलू नकोस."

"फोटो नीट करून आण. मग बघू." ती कुत्र्याला घेऊन आत गेली. दार मागे आपोआप लागलं.

डेल घरी येऊन बसला. मूळ फाइल तशीच ठेवून त्याने तिची कॉपी घेतली. कागदाची लांबीरुंदी, इंचाला किती ठिपके लागतील, सगळं कचेरीतल्या नकाशासारखं बसवलं. जास्तीचे होते तेवढेच ठिपके कमी केले, आणि दर्जाचा आकडा खाली आणताना दर वेळी फोटो पूर्ण उघडून आधी डोळे बघितले. वीस एमबीच्या आसपास फाइल आली. पापण्या होत्या. जखम होती. बटणही होतं. ते दिसलं की अजून टोचत होतंच. आपण चूक कबूल केली म्हणजे टोचणं थांबेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्याने दात आवळून फाइल पाठवली. मग आत्यांसाठी फोनवर सहज उघडेल अशी नवी कॉपी केली आणि आधीची पुसून टाकायला सांगितली. थंडर बेहून ताबडतोब उत्तर आलं. आत्यांनी बारा रडके चेहरे पाठवले होते.

पॅमला तो स्वतः जाऊन भेटला. ती म्हणाली, "सापडली वाटतं मोठी फाइल?"

"होतीच माझ्याकडे. खोटं बोललो तुझ्याशी."

पॅमने भुवया उंचावल्या, पण आणखी विचारलं नाही.

लग्नात कोरीन एकटीच चालत आली. डेल पहिल्या रांगेत लोरेटाशेजारी बसला होता. नवरदेव कोल्बी तिला बघून ढसाढसा रडायला लागला, तेव्हा सगळ्यांबरोबर डेलही हसला. पण ती शेजारून गेली तेव्हा त्याचा उजवा हात आपोआप कोपरात वाकला होता. ते लोरेटाने बघितलं आणि तो हात स्वतःच्या हातात घेतला.

हॉलच्या दारात इव्हान तीन फूट उंच उभा होता. येणारा प्रत्येक जण तिथे थबकायचा. आत्या तर फोटोला हात लावून लावून रडल्या. पोटीत्साच्या, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाच्या, बश्या घेऊन लोक त्याच्यासमोर उभे राहून बोटीवरच्या गोष्टी सांगू लागले. डेल खांबाशी उभा राहून बघत होता आणि मत्सराने आतून पिळवटून निघत होता. त्याच्या मनात आलं, माझ्या थर्मासची गोष्ट कुणी सांगत नाही. मग ते मनात आलं याचीच त्याला लाज वाटली, आणि तरीही ते मनातून गेलं नाही.

इव्हानबरोबर बोटीवर असलेला एक म्हातारा खलाशी काठी टेकत त्याच्याजवळ आला. "तू इव्हानचा कोण रे?"

डेल म्हणाला, "मी त्याच्या नंतरचा."

म्हातारा आधी गोंधळला, मग मोठ्याने हसला. "बापरे! अवघड नोकरी. चल, तुला बिअर पाजतो."

कोरीन मात्र गर्दी ओसरल्यावर फोटोसमोर एकटी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती बघत होती. मग मान न वळवता तिने हाक मारली, "डेल, इकडे ये." तो गेला. "त्यांची डावी भुवई बघ. माझ्यासारखी आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण तो खोटं बोलला नाही. "हुबेहूब," डेल म्हणाला. "तू हसलीस की अशीच वर जाते. मला कालपरवापर्यंत वाटत होतं, माझ्यावर गेली आहे."

कोरीनने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिचा राग पुरता गेला नव्हता. तो पुढे महिनाभर मधूनमधून निघत राहिला. पण ती तशी उभी राहिली, आणि बँडवाल्यांनी पोल्का नाचाची धून सुरू केल्यावर तिने पहिला त्यालाच ओढत नेला. त्याच्या गुडघ्यांनी कशीबशी साथ दिली.

लग्नानंतरच्या आठवड्यात ती फोटो घेऊन घरी आली. कोल्बीच्या आणि तिच्या घराला तिरपं छत होतं, एवढी मोकळी भिंतच नव्हती. "तुमच्याकडे ठेवाल? आम्ही मोठं घर घेईपर्यंत?"

लोरेटा डेलकडे बघत राहिली.

"दिवाणखान्यात नको," डेल म्हणाला. "मी तिथे टीव्ही बघतो."

"बरं."

"जेवायच्या खोलीत तर मुळीच नको."

"मग कुठे, डेल? गॅरेजमध्ये?" कोरीनने विचारलं.

डेलने घरभर नजर फिरवली. "जिन्याच्या वळणावर चालेल. उजेड चांगला येतो तिथे."

लोरेटाला हसू आवरेना. "म्हणजे दिवसातून दोनदाच गाठ पडेल."

"दोनदा पुष्कळ झाली," डेल म्हणाला आणि हातोडी आणायला गॅरेजकडे गेला.